रोज बराबर सोळा पानं

"थंडीत वाचन होत नाही, हा निव्वळ आळशी माणसाचा बहाणा आहे!" पुसेगावच्या विहारात पंचवीस लेकरांसमोर संतराम गुरुजींनी जाहीर केलं. "ही बघा चारशे पानांची कादंबरी. तीन जानेवारीला, सावित्रीबाई जयंतीला, मी पूर्ण वाचून तुम्हांला सांगणार!"

लेकरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी कानटोपी सारखी केली. सदतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला चारशे पानं म्हणजे काय? चहाबरोबरचं बिस्किट!

निवृत्त झाल्यावर गुरुजी रोज संध्याकाळी विहारात लेकरांना वाचायला बसवत. रविवारी ज्याचं पुस्तक झालं त्यानं उभं राहून ते सांगायचं. ज्याचं झालं नाही त्यानं उभं राहून "वाचलं न्हाई" म्हणायचं आणि बसायचं. कुणी हसायचं नाही, कुणी रागवायचं नाही. आणि पुस्तक सांगून झालं, की ऐकणाऱ्यानं 'पान मागायचं'. म्हणजे मनाला येईल तो आकडा सांगायचा. सांगणाऱ्यानं ते पान उघडून चार ओळी मोठ्यानं वाचायच्या आणि तिथं काय चाललंय ते सांगायचं. थापा मारणारा तिथं बराबर सापडायचा. ही युक्ती गुरुजींचीच, आणि तिचा त्यांना फार अभिमान.

पाचवीतली दीक्षा सात रविवार ओळीनं "वाचलं न्हाई" म्हणत होती. तिला अक्षरं जोडायला वेळ लागायचा. गुरुजी दर वेळी म्हणत, "हरकत न्हाई. पुस्तक कुठं पळून जात न्हाई. उद्या दोन पानं वाच. बस."

तर गुरुजींनी अंगणात उन्हाला बाज टाकली, सेनगाव-हिंगोली एसटीचं अर्धं तिकीट खूण म्हणून पुस्तकात घातलं आणि वाचायला सुरुवात केली.

कादंबरीचा नायक घरातून निघायच्या तयारीत होता. पहिल्या दिवशी त्यानं पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी तो चप्पल शोधत होता. तिसऱ्या दिवशीही चप्पलच! कारण गुरुजी तीच ओळ चौथ्यांदा वाचत होते. ऊन पाठीवर असं काही बसायचं, जणू कुणी गरम पाण्याची पिशवी बांधलीय. डोळे ओळीच्या मधोमध पोचले की चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरसारखे जागीच फिरायचे. मग त्यांच्या पत्नी जनकाबाई तुरीच्या शेंगांचं टोपलं आणून ठेवायच्या.

"अहो, नुसतं झोपून राहिले. शेंगा तरी सोला!"

"झोपलो न्हाई. चिंतन करून राहिलो."

"चिंतनात घोरतेत व्हय?"

असं करत बाराव्या पानापर्यंत पोचले. नायकाला चप्पल सापडली होती, पण तो अजून दारातच उभा होता.

अकरा डिसेंबरला दुपारी पुस्तक बाजेवरून धप्पकन खाली पडलं. तिकीट एकीकडे, पुस्तक दुसरीकडे, गुरुजी चिंतनात. जनकाबाईंनी पुस्तक उचललं, जिथं सहज उघडलं तिथं तिकीट खुपसलं आणि उशाला ठेवलं. तेवढ्यात सातवीतली ऐश्वर्या लिंबं मागायला आली. तिनं पुस्तक बघितलं.

"अगं बाई! गुरुजी अठ्ठेचाळीस पानावर!"

संध्याकाळी विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं : गुरुजी – पान ४८.

गुरुजी फळ्याकडे बघत राहिले. 'बारा' म्हणायला तोंड उघडलं. पण पंचवीस तोंडं त्यांच्याकडे अशी बघत होती, की त्यांनी ते जांभईत मिटवलं. मनात म्हणाले, काय बिघडलं? उद्या दाबून वाचू, भरून काढू!

दुसऱ्या दिवशी चार ओळी वाचून झाल्या. संध्याकाळी ऐश्वर्या खडू घेऊन तयार.

"गुरुजी, आज कुठवर?"

घरून निघताना गुरुजींनी तिकीट थोडं पुढं, पुस्तक जिथं आपसूक उघडलं तिथं सरकवलं होतं. त्यांनी आकडा बघितला. "चौसष्ट."

मग ऐंशी. मग शहाण्णव. मग एकशे बारा. पुस्तक दर वेळी शहाण्यासारखं बरोबर थोडं पुढंच उघडायचं. गुरुजींना वाटलं, निदान पुस्तक तरी आपल्या बाजूनं आहे!

"गुरुजी रोज बराबर सोळा पानं वाचतेत!" ऐश्वर्यानं शोध लावला. "एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई!"

झालं! पोरं रोज फळ्यापुढं कोरसात सोळाचा पाढा म्हणू लागली. गावात बोलबाला झाला. शेजारचा जळबा तुरीला जाता जाता कुंपणावरून ओरडायचा, "गुरुजी, माझं पाण्याचं इंजिन दिवसाला दोनदा बंद पडून राहिलं, अन् तुमचं बघा! कोणतं तेल टाकता?"

गुरुजी हसायचे. ते हसू तोंडावर मापाचं नसलेल्या कवळीसारखं बसायचं.

एकोणतीस तारखेला सकाळी दीक्षाची आई, शिला, अंगणात आली.

"जय भीम गुरुजी. एक विचारायचं होतं. दीक्षा रोज सोळा पानं वाचाया बसते. तिसऱ्या पानाला रडाया लागते. म्हणते, गुरुजी म्हातारे असून वाचतेत, मीच ढ हाये. काय करू सांगा."

गुरुजींच्या हातातली शेंग हातातच राहिली. सदतीस वर्षांत एकाही लेकराला त्यांनी कधी 'ढ' म्हटलं नव्हतं. आणि आता न बोलता म्हणून बसले होते!

"शिला, तसं न्हाई. मी..."

"ओ गुरुजी!" कुंपणावरून जळबा. "तीनशे वीस झाले म्हणे! पोरगा म्हणत होता. शिलाबाई, असा माणूस तालुक्यात दुसरा न्हाई!"

गुरुजींनी शेंग सोलली. दाणे टोपल्यात टाकायचे ते सालपटांत टाकले, सालपटं टोपल्यात. "तिला म्हणावं, दोनच पानं वाच," ते पुटपुटले. शिला गेली. जनकाबाईंनी टोपल्यात बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि स्वतःच सालपटं निवडायला बसल्या. हे फार वाईट लक्षण होतं!

दोन जानेवारीला फळ्यावर चारशे झाले.

तीन तारखेला विहार गच्च भरला. गुरुजींनी नवी कानटोपी घातली होती. पुस्तकाच्या मागच्या कव्हरावरचा मजकूर त्यांनी पाठ केला होता. बारा पानं तर माहीतच होती. पान मागण्याचं म्हणाल, तर चार ओळी वाचायच्या आणि तिथल्या तिथं अर्थ सांगायचा. मास्तरला ते अवघड नाही!

पंचवीस मिनिटं गुरुजी बोलले. त्यांतली वीस मिनिटं चपलेवर. टाळ्या पडल्या.

"आता पान मागा!"

हात वर आला दीक्षाचा. सगळ्यांनी वळून बघितलं, कारण ती कधीच मागत नसे.

"गुरुजी, रोज सोळाच्या पाढ्यातलीच पानं झाली," ती हळूच म्हणाली. "मधलं एक सांगा की. एकशे अठ्ठ्याण्णव."

"वा! शाबास!" गुरुजींनी ऐटीत पुस्तक उघडलं. एकशे ब्याण्णव. समोर एकशे त्र्याण्णव. पान उलटलं. एकदम दोनशे आठ!

परत मागं. परत पुढं. मधली पानं गेली कुठं? गुरुजींनी चष्मा पुसला. पुढं बसलेली ऐश्वर्या उठून डोकावली, आणि तिचा आवाज अख्ख्या विहारात घुमला :

"गुरुजी, पानं तर चिकटलेलीच हायेत! कापलीच न्हाईत!"

बांधणाऱ्यानं पुस्तकाच्या कडा कापायच्या सोडून दिल्या होत्या. सुरुवातीची बत्तीस पानं तेवढी सुटी. पुढं सोळा-सोळा पानांचे गठ्ठे घडीतच बंद. पुस्तक उघडायचं ते फक्त दोन गठ्ठ्यांच्या मध्ये! बत्तिसाव्या पानापर्यंत पोचलेल्या कुणालाही हे कळलं असतं.

तेवढ्यात बाहेर जळबाचं इंजिनही बंद पडलं.

गुरुजींनी आधी थंडीचा बहाणा सांगायचं ठरवलं. मग वय. मग डोळे. शेवटी त्यांनी दीक्षाकडे बघितलं. कानटोपी काढली आणि हात खाली सोडून, लेकरं राहतात तसे ताठ उभे राहिले.

"वाचलं न्हाई," ते म्हणाले. "बारा पानं वाचली. बाकी सगळं खोटं सांगितलं. दीक्षा, तू ढ न्हाईस. मी लबाड हाये."

नियमाप्रमाणे कुणी हसलं नाही. एकट्या जनकाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुढं काय करायचं ते कुणाला सुचेना, कारण पुढचं वाक्य बोलायचं काम गुरुजींचं होतं, आणि तेच उभे होते.

मग दीक्षाच उठली.

"हरकत न्हाई गुरुजी. पुस्तक कुठं पळून जात न्हाई. उद्या दोन पानं वाचा." थोडं थांबून म्हणाली, "बसा."

गुरुजी बसले. तिनं फळा पुसला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं : गुरुजी – पान १२. त्याखाली : दीक्षा – पान १७.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी बाज सावलीत ओढली, शेजारी पट्टी आणि सुरी ठेवली, आणि प्रामाणिकपणे तेरावं पान उघडलं.

नायकानं अखेर उंबरा ओलांडला होता. बाहेर फार थंडी होती. म्हणून तो परत आत जाऊन झोपला.