तुटक्या पायरीचे जतन

बंडखोर माणूस मेल्यावरच समाजाला त्याच्याविषयी खरी आपुलकी वाटू लागते, कारण तेव्हा तो उलट बोलत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या हेरन कोव्ह गावाला कवी लायल हॅनरॅटीविषयी अशीच आपुलकी वाटली. जिवंतपणी गावाने त्याला दोनदा हाकलले होते (एकदा तो अंगावर काही न घालता टपाल आणायला गेला म्हणून).

लायल आयुष्यभर सरकार, मालमत्ता आणि साबण यांच्याविरुद्ध लिहीत राहिला. शाळेची बस चालवून घर चालवण्याचे किरकोळ काम बायकोने, मर्नाने केले. साहजिकच तो गेल्यावर त्याचे घर गावाचा वारसा ठरले. त्यातही पुढच्या दाराची तुटकी पायरी विशेष पूज्य. तिच्यावरून लायल पडला होता आणि पडल्यापडल्या त्याने अमेरिकेच्या अधःपतनावर दीर्घकविता रचली होती.

गेल्या हिवाळ्यात ऐंशी ओलांडलेली मर्नाही तिथेच पडली (कविता झाली नाही, खुबा मोडला). तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकायची तिला धास्ती वाटे. तिने पायरी दुरुस्त करायची परवानगी मागितली.

वारसा समिती मर्नाच्याच घरात, गावच्या रीतीप्रमाणे जमिनीवर गोल करून बसली. गावाला अधिकार मान्य नसल्याने अध्यक्ष नव्हता. फक्त सगळे काही प्रेस्टन ठरवत असे (लायलचा पट्टशिष्य, सध्या जमिनींची दलाली). टाळ्या हिंसक असतात, म्हणून पसंती दाखवायला हात वर करून बोटे हलवायची.

"मर्ना, तुझं दुःख आमच्यापर्यंत पोचतंय," प्रेस्टन म्हणाला.

"दुःख नाही रे बाबा, पायरी! तीस वर्षं त्याच्या मागे लागले होते, एक फळी ठोक म्हणून. आळशी कुठला! हातोडी उचलायला नको म्हणून कविता लिहिली त्याने."

सगळ्यांनी बोटे हलवली.

"पुन्हा म्हण ना," प्रेस्टन डोळे पुसत म्हणाला. "अगदी लायलच बोलतोय असं वाटलं."

"अरे मेल्यांनो, मला घराबाहेर पडता येत नाही!"

बोटे आणखी जोरात हलली.

निर्णय एकमताने झाला (हितसंबंध असल्याने मर्नाचे मत धरले नाही). पायरी आहे तशी तुटकी जपावी, आणखी तुटू नये म्हणून तिच्याभोवती काच बसवावी आणि मर्नाच्या सुरक्षिततेसाठी मर्नालाच तिथून हलवावे. रिकाम्या घराचे संग्रहालय झाले. मग पाहुण्यांच्या चाकांच्या खुर्च्यांसाठी कायद्याने मागच्या दाराला उतार बांधावा लागला. उतार फार सुरेख आहे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत.

मर्ना वृद्धाश्रमात असते. तिथे तिला करमत नाही. रविवारी ती येते, पुढच्या अंगणात आपण लावलेल्या लिंबाच्या झाडाशी काठी टेकून उभी राहते आणि घराकडे बघते.

तुम्हाला तिची दया आली असेल. तुम्ही भले लोक आहात. लायलची एकही ओळ तुम्ही वाचलेली नाही (समितीनेही नाही). तरी कधी हेरन कोव्हला गेलात, तर त्या पायरीपुढे उभे राहून फोटो काढाल, आणि मध्ये येणाऱ्या म्हातारीला अगदी गोड आवाजात म्हणाल, "आजी, जरा बाजूला होता का?"