टी म्हणजे चहा नव्हे

रविवार, २१ फेब्रुवारी १९९३, सकाळचे दहा. हजर: मी, माझे यजमान आणि शेजारचे शालोमकाका नेरेकर. गैरहजर: चहा. काकांनी तो स्वतःच्याच नव्हे, आमच्याही घरात बंद करवला होता.

कारण होतं इस्रायलहून आलेलं त्यांच्या मुलीचं पत्र. रिबेका तिथल्या प्रयोगशाळेत माणसांच्या रोगट रक्तवाहिन्यांचे तुकडे तपासते. त्यांच्या भिंतीत, चरबीच्या थरापाशी, टी पेशी सापडतात, असं तिनं लिहिलं होतं.

"दिवसाला सहा कप, चाळीस वर्षं," काका म्हणाले. "चिटणीसबाई, माझ्या भिंतीत किती मुरला असेल?"

पनवेलच्या आमच्या सोसायटीची मी चिटणीस. गोंधळ निस्तरायची मला सवय आहे. डॉक्टरांना विचारून मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, की हा टी छातीतल्या एका ग्रंथीच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर. काकांनी मान हलवली. "गोंधळ आहे बुवा. तिलाच विचारा."

काकांचा हात कापतो, म्हणून त्यांची पत्रं मी लिहिते. ते सांगतात, मी क्रमांक घालते. प्रश्न एक: या पेशी आपल्या की परक्या? उत्तर आलं, आपल्याच, शरीराच्या राखणदार. प्रश्न दोन: मग भिंतीत काय करतात? तर तिथला चरबीचा साठा शत्रू समजून ठाण मांडतात, इतर पेशींना चिथावतात, सूज वाढवतात. प्रश्न तीन: आपल्याच असून? दर उत्तराला काका चष्मा काढत. "गोंधळ आहे बुवा."

दहा प्रश्नांनंतर मी सगळी उत्तरं एका पानावर नीट उतरवून दिली आणि विषय संपला म्हणून सांगितलं. काकांनी पान खिशात ठेवलं. मग आठवडाभर ते फिरकलेच नाहीत.

चौकशीला गेले, तर दार उघडंच. उरणहून मासळी घेऊन येणारी जनाबाई उंबऱ्याशी बसली होती आणि काका तिला टी पेशींचं सगळं समजावत होते. एक शब्द चुकत नव्हता. हातात चहाची बशी.

"मंजे राखनदारच भित बिघडवतात?" जनाबाई म्हणाली. "त्यांना घरी परत बोलवता येत नाय का?"

काकांनी बशी खाली ठेवली. ती गेल्यावर मी विचारलं, की इतकं समजलंय तर हा गोंधळ कशाला?

त्यांनी पत्रांचा गठ्ठा पुढे केला. प्रत्येकात सुरुवातीला दोन ओळी: मी बरी आहे, जपा. पुढे चार पानं पेशी.

"समजलं म्हणून कळवलं," काका म्हणाले, "तर दोनच ओळी येतील."

मी कोरं हवाईपत्र काढून 'प्रश्न अकरा' असं लिहिलं. जनाबाईचाच प्रश्न घालू का, म्हटलं.

"तो नको," काका म्हणाले. "तिला वाटेल, मीच परत बोलावतोय. दुसरा काहीतरी."

दुसरा अजून सुचलेला नाही. माझ्या यादीत तेवढं एकच काम राहिलंय.