टिटवीचा गुन्हा

मुलांनो, नीट बसा. एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, तिथे अजून तारखा चालू आहेत) साळू नावाची टिटवी राहत होती. टिटवी घरटं झाडावर बांधत नाही. पाणवठ्याच्या वाटेवर, खड्यांत, तिने अंडी घातली होती.

त्या वाटेने गबाजी नावाचा गवा पाण्यावर यायचा. एके संध्याकाळी त्याचा खूर एका अंड्यावर पडला.

साळू रडत न्यायाधीशांकडे गेली. न्यायाधीश होते धनेश पक्षी. ते नुकतेच अर्थशास्त्र शिकून आले होते.

"अंडं कोणी फोडलं, हा प्रश्न जुना झाला," धनेश म्हणाले. "नुकसान टाळणं कोणाला स्वस्त पडलं असतं, ते पाहायचं. गवा केवढा, त्याला वळवायचा खर्च केवढा. अंडं मात्र सहज हलतं. सबब टिटवी दोषी. तिने खुराची माफी मागावी."

साळूने माफी मागितली. खूर काही बोलला नाही.

बाहेर उदमांजर उभं होतं. ते वकील होतं.

"ताई, तुमची बाजू खरी होती, म्हणून हरलात," ते म्हणालं. "आता ती महाग करू."

त्याच्या सल्ल्याने साळूने सगळं गणगोत वाटेवर आणून बसवलं. आता इतकी घरटी हलवण्यापेक्षा एक गवा वळवणं स्वस्त झालं. निकाल फिरला.

मग गबाजीने उदमांजराच्या मेहुण्याला वकील केलं. त्याने अख्खा कळप कोर्टात उभा केला. निकाल पुन्हा फिरला. दोन्ही वकिलांची अंगं भरली, शेपट्या झुबकेदार झाल्या. इकडे साळू कोर्टात, अंडी उन्हात. तिकडे कळप कोर्टात, वासरं तहानलेली.

शेवटी तहानेने व्याकूळ गबाजी भरदुपारीच पाण्याकडे निघाला. साळू अंड्यांवर पंख पसरून गप्प उभी होती.

"ओरडत का नाहीस?" त्याने विचारलं.

"ओरडले तर ती धमकी ठरेल, असं वकीलसाहेब म्हणाले."

"अगं, मला संध्याकाळचं धड दिसत नाही. तू ओरडलीस की मी वळेन."

"वळायला फार खर्च येतो ना तुम्हाला?"

"कोण म्हणालं?" असं म्हणून गबाजी जरासा वळला आणि पाण्यावर गेला.

तेव्हापासून साळू ओरडायची, गबाजी वळायचा. अंडी शाबूत राहिली. वासरं पोटभर पाणी प्यायली.

आठवडाभरात दोघांना कोर्टाचं बोलावणं आलं.

धनेश फार गंभीर होते. "एका ओरडण्यात खटला मिटू लागला, तर वकिलांनी खायचं काय? कारकून खारींनी जायचं कुठे? हे नुकसान टाळणं कोणाला स्वस्त आहे? टिटवीला. तिने नुसतं गप्प बसायचं आहे. यापुढे ओरडायचं असेल, तर वकिलामार्फत ओरडावं."

"पण साहेब, गवा समोर आल्यावर?" साळूने विचारलं.

"वकील तारीख घेतील," धनेश म्हणाले.

उदमांजर खरोखरच साळूच्या वतीने ओरडलं. चांगलं खणखणीत ओरडलं, पण पुढच्या हंगामात. तोवर साळूची अंडी फुटून पिल्लं पळायला लागली होती, म्हणून वाचली. त्यांच्या वाचण्याचं श्रेय वकिलाने बिलात लावलं.

तात्पर्य: भांडण आपापसात बोलून कधीही मिटवू नये. त्यात फक्त दोघांचं भलं होतं.