चौथ्या तारेचं पाणी

मल्हारीने गिटार घरी आणली, तेव्हा तिला चारच तारा आहेत हे सगळ्यांत आधी त्याच्या आईच्या लक्षात आलं.

"दोन तुटल्याल्या दिसत्यात," गिताबाई म्हणाल्या. "घेताना मोजायच्या तरी."

"आई, ही बेस गिटार हाय. हिला चारच असत्यात."

"आसं इकणारा म्हनला आसंल."

विकणारा म्हणजे रांजणगावच्या कारखान्यातला त्याचा सुपरवायझर. बदली होऊन जाताना त्याने गिटार, एक छोटा स्पीकर आणि एक कोडं मागे ठेवलं. "बेस हर गाने में होता है, पर सुनाई नहीं देता." मल्हारीने घरच्या टेपला कान लावून रॉकची कॅसेट ऐकली. ड्रम ऐकू आला, आरडाओरडा ऐकू आला, बेस काही सापडला नाही. गाण्यात असून ऐकू न येणारं हे वाजतं तरी काय, हा प्रश्न त्याला जेवतानाही सोडेना.

मग शिरूरच्या नेट कॅफेत त्याला टॅब, म्हणजे गाणं आकड्यांत मांडलेला कागद, सापडला. सारेगम नाही, काही नाही. एकाखाली एक चार रेघा, म्हणजे चार तारा. सगळ्यांत वर पहिली, बारीक तार. सगळ्यांत खाली चौथी, जाड. रेघेवर तीन लिहिलं की त्या तारेच्या तिसऱ्या घरात बोट दाबायचं, शून्य असेल तर तार मोकळी सोडायची. मल्हारी हरखून गेला, कारण असाच कागद तो गेली तीन वर्षं स्वतः लिहीत होता.

अक्षर बरं म्हणून गावाने त्याला पाणीवापर संस्थेचा सचिव केलं होतं. कालव्यातून गावाला चार चाऱ्या, म्हणजे लहान पाट, फुटत. पाणी सुटायच्या दर पाळीला मल्हारी चार रेघा मारायचा. वर पहिली चारी, कालव्याच्या तोंडाशी. खाली चौथी, पार शेवटची, टेलची. रेघेवरचा आकडा म्हणजे त्या दिवशी किती तास पाणी. पाटकरी भिमा तो कागद बघून दारं उघडायचा. त्यामुळे गाणीही मल्हारीने संस्थेच्याच वहीत उतरवून घेतली. वही एक, रेघा चार, आकडे तसेच. पुढे काय होणार हे तुम्ही ओळखलं असेल. मल्हारीने ओळखलं नाही.

संस्थेचे चेअरमन मच्छिंद्र आप्पा. त्यांचा ऊस पहिल्या चारीवर. त्यांनी मल्हारीला बजावून ठेवलं होतं, "वाजव काय वाजवायचं ते. पर संस्थेच्या कामात एक चूक झाली, तर तुझं ते लाकूड कालव्यात." आप्पा बोललेलं करायचे. सख्ख्या भावाचा रेडिओ त्यांनी असाच विहिरीत टाकला होता.

बुधवारी सकाळी कारखान्याची गाडी हॉर्न मारत होती आणि भिमा पाळीचा कागद मागत होता. मल्हारीने वहीतलं पान टरकावून त्याच्या हातात दिलं आणि गाडीकडे पळाला.

गुरुवारी सुट्टी होती आणि चक्क वीजही होती. मल्हारीने वहीतलं नवं गाणं वाजवायला घेतलं. पहिल्या तारेवर आठ. पुन्हा आठ. पुन्हा आठ. दुसरीवर सहा, सहा, सहा. तिसरीवर कुठेतरी दोन. चौथीला शून्य, शून्य, शून्य आणि अगदी शेवटी एक.

"कानात डास शिरल्यागत वाटतंय," गिताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "त्या जाड तारंला पार उपाशी ठिवलीस की रं."

मल्हारीही चक्रावला होता. बेसचं बहुतेक काम जाड तारांवर चालतं. हे कसलं गाणं, ज्यात बारीक तारच कोकलते? त्याने पान उजेडात धरलं. खाली कोपऱ्यात संस्थेचा शिक्का होता.

गाडीला किक मारून तो थेट चौथ्या चारीवर गेला. चारी तुडुंब वाहत होती आणि भिमा दारावर विडी ओढत बसला होता.

"भिमा, आरं काय केलंस हे?"

"कागदावर हाय तेच केलं. पहिल्या दोन चाऱ्यांला नुसत्या रेघा. तिसरीला पाच, चौथीला सात, पुन्ना सात. मला बी नवल वाटलं, पर म्हनलं वरनं ठरलं आसंल." भिमाने कागदावर बोट ठेवलं. "हितं मातर लई आकडे गुतल्याले हायेत. हितं मी अंदाजानं सोडलं."

"तिथं बोटं जोरात पळवायची असत्यात," मल्हारी पुटपुटला.

पलीकडे मुक्ताबाईच्या कांद्याचे वाफे भरत होते. नऊ वर्षांत कालव्याचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं. ती बांधावर उभी राहून नुसती बघत होती. मल्हारीला आनंद झाला आणि लाजही वाटली. तीन वर्षं तो आप्पांच्या सांगण्यावरून चौथ्या रेघेवर सुबक अक्षरात शून्य काढत आला होता आणि कानाने ऐकेपर्यंत त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

तो घरी पोचला, तेव्हा आप्पा गिटार काखोटीला मारून अंगणातून बाहेर पडत होते.

"आप्पा, एकडाव ऐका तरी."

"काय ऐकायचं? कालपास्नं ऊस कोरडा हाय माझा!"

तेवढ्यात मुक्ताबाई आली. तिच्यामागे चौथ्या चारीची वीस-पंचवीस माणसं.

"आप्पा, तुमच्या घरी जाऊन आलो," ती म्हणाली. "तुमी टेलला पाणी दिलं. म्या तर म्हनलं हुतं, मेल्याबिगर काय ह्यो माणूस आमच्याकडं बघायचा न्हाई. माफ करा. औंदाच्या विलेक्शनला चौथी चारी तुमची."

आप्पांनी गिटार हळूच ओट्यावर टेकवली.

"मीच म्हनलं मल्हारीला," ते घसा खाकरून म्हणाले. "टेलला पाणी गेलंच पायजे."

मंडळी गेल्यावर आप्पांनी मल्हारीला शेजारी बसवलं.

"आता खरं सांग. ह्या पाळीला आधार काय?"

"गाणं हाय, आप्पा. विंग्रजी."

आप्पांनी गिटारीच्या चारही तारांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"विलेक्शन होस्तवर गाणंच लाव. पर जरा आसं बघ, पहिल्या तारंवर बी थोडं आसंल."

मल्हारीने वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली.

"रॉकमधी लई अवघड हाय, आप्पा."