गोलरक्षक हणगोजी महान कसा झाला

मुलांनो, समुद्रापलीकडच्या एका हिरव्यागार बेटावर एक जंगल होतं. त्या जंगलातले सगळे प्राणी काठी-चेंडूचा एक खेळ खेळत. काठी टोकाला पसरट असे. चेंडू लहान, कातडी आणि फार टणक. तो डोक्याच्या उंचीवरून सणसणत यायचा. लागला तर कसं वाटतं, हे ज्याला लागे तो लगेच सांगू शकत नसे. जरा वेळाने सांगायचा.

या खेळाचा मोबदला कुणालाच मिळत नसे. ज्या खोऱ्यात जन्मलात त्याच खोऱ्याकडून खेळायचं. दिवसभर आपलं पोट भरायचं, संध्याकाळी सराव करायचा आणि रविवारी हाडं मोडून घ्यायची. यात खोऱ्याचा मान असतो, असं सगळे म्हणत. मान खोऱ्याचा असे. हाडं ज्याची त्याची.

करवंद खोऱ्याच्या संघात हणगोजी नावाचा रानडुक्कर गोल राखायचा. बुटका, रुंद आणि कमी बोलणारा. त्याला गोलात उभं राहायला मनापासून आवडायचं. समोरून चेंडू आला की त्याला बाकी काही ऐकू यायचं नाही. ते बरंच होतं. कारण मैदानाच्या कडेला मचाणावर चतुरराव कोल्हे बसलेले असत.

चतुरराव सामन्याचं समालोचन करत. त्यांनी आयुष्यात काठी हातात धरली नव्हती, त्यामुळे त्यांची मतं अगदी स्वच्छ होती.

"हणगोजीने डावीकडे जायला हवं होतं," ते म्हणत. हणगोजी डावीकडे गेला असला, तर म्हणत, "डावीकडे जायची काय गरज होती?"

एका वर्षी करवंद खोरं अंतिम सामन्यात पोचलं. कुणाच्याही आठवणीत खोऱ्याला चषक मिळाला नव्हता. आदल्या दिवशीच्या सरावात हणगोजीचा पुढचा पाय दुखावला. त्याची बायको धुरपा वेल गुंडाळून तो बांधत होती.

"आज नका जाऊ," ती म्हणाली.

"मग गोलात कोण उभं राहणार?"

"ते मचाणावरचे कोल्हे आहेत ना. त्यांना सगळं येतं."

हणगोजी हसला आणि गेला. सामनाभर त्याने चेंडू अडवले. काठीने, छातीने, एक चेंडू तर चक्क कानाने. अगदी शेवटी पलीकडच्या संघातल्या अस्वलाने एक चेंडू मारला. ऊन डोळ्यावर होतं. चेंडू काठीवरून आत गेला आणि सामना संपला.

"हणगोजी झोपला होता," चतुररावांनी जंगलाला कळवलं.

त्या दिवसापासून हणगोजी पाणवठ्यावर आडवाटेने जाऊ लागला. वाटेत कुणी भेटलंच तर आज ऊन कसं आहे, असं त्याला मुद्दाम विचारायचं. धुरपाशी तर शेजारणी बोलेनाशा झाल्या. "सोडून द्या हे," ती म्हणाली. संध्याकाळ झाली तशी तो काठी उचलून सरावाला गेला.

पुढे काही वर्षांनी खोऱ्याने चषक जिंकला. शेवटचा चेंडू हणगोजीने तोंडावर घेतला आणि त्याचा एक सुळा तुटला. तो गवतात सुळा शोधत असताना, गोल मारणाऱ्या काळविटाला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं होतं. विजयाच्या फ्लेक्सवर हणगोजीही होता. काळविटाच्या शिंगांमागे त्याचा एक कान दिसत होता.

मग गुडघे कुरकुरायला लागले आणि एका सकाळी हणगोजीने सांगितलं, "आता मी थांबतो."

दुपारपर्यंत तो महान झाला.

"असा गोलरक्षक पुन्हा होणे नाही," चतुररावांनी मचाणावरून जाहीर केलं. "मी पहिल्यापासून सांगत होतो."

खोऱ्याचे अध्यक्ष शिंगराव सांबर यांनी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि भाषणं झाली. प्रत्येक भाषणात हणगोजी आणखी उंच होत गेला. शेवटी मैदानाच्या दारात त्याचा पुतळा उभा राहिला. रुंद छाती, आयाळीसारखे केस, दोन लांब सुळे. धुरपाने पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कोण आहेत हे?" तिने विचारलं.

हणगोजीच्या जागी रेवजी नावाचं उदमांजर आलं. चपळ होतं, मन लावून खेळायचं. पहिल्याच मोठ्या सामन्यात, ऊन डोळ्यावर असताना, एक चेंडू त्याच्या काठीवरून आत गेला.

"हणगोजी असता तर झोपेतही अडवला असता," मचाणावरून आवाज आला. प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. कुणीतरी करवंदं फेकली.

मागच्या रांगेत एक म्हातारा, एकसुळ्या रानडुक्कर उठून उभा राहिला.

"हणगोजीनेही असे पुष्कळ सोडलेत," तो म्हणाला. "उन्हात तो चेंडू दिसतच नाही."

शेजारचा तरस म्हणाला, "आजोबा, खेळातलं कळत नसेल तर गप्प बसावं. हणगोजींबद्दल असं बोलायचं नाही इथे."

"अहो, पण मीच—"

"बाहेर काढा यांना."

त्याला दोन रानरेड्यांनी मैदानाबाहेर नेऊन पुतळ्यापाशी सोडलं. पुतळ्याला नमस्कार करून माफी मागायला लावली. हणगोजीने मागितली.

सामना संपल्यावर रेवजी एकटाच मागच्या दाराने निघाला. हणगोजी तिथे वाट पाहत उभा होता. दोघं आडवाटेने पाणवठ्याकडे चालू लागले.

"तुम्हालाही असंच बोलायचे?" रेवजीने विचारलं.

"याहून वाईट."

"मग कधी थांबले?"

"मी थांबलो तेव्हा."

थोडं पुढे गेल्यावर रेवजीने विचारलं, "उद्या सरावाला याल का? उन्हातला चेंडू कसा बघायचा ते दाखवा."

"येईन," हणगोजी म्हणाला. "पण पुढच्या दाराने आता मला आत सोडणार नाहीत."

तात्पर्य: मुलांनो, मोठं व्हायचं असेल तर खेळायचं थांबावं. फारच मोठं व्हायचं असेल तर सुरूच करू नये. सरळ मचाणावर चढावं.