स्थिर आडवी दळणवळण रचना

कोणतीही वस्तू दुरुस्त करण्याआधी तिला काय म्हणायचं ते ठरवावं लागतं, आणि ते एकदा नीट ठरलं की दुरुस्तीची घाई उरत नाही. आमच्या ग्रामीण ऑनलाइन सेवा याच तत्त्वावर उभ्या आहेत.

ओढ्यावरचा पूल मधोमध खचला होता. दवाखाना अलीकडे. पलीकडच्या वस्तीत शिंपीणकाकूंच्या सुनेचे दिवस भरत आलेले (यासाठी वेबसाइटवर रकाना नाही). काकूंनी मोबाइलवर 'पूल मोडला' असं शोधलं. अशी सेवा उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. दोष वेबसाइटचा नव्हता. पुलाची नोंद तिथे 'स्थिर आडवी दळणवळण रचना' अशी व्यवस्थित होती. काकूंना ती सुचली नाही, एवढंच.

मग लोकांचे शब्द लोकांकडूनच घ्यावेत, असा थोर विचार करून मेटाडेटा समिती, म्हणजे माहितीविषयीची माहिती ठरवणारी मंडळी, थेट ओढ्यावर आली. (सदस्य सात. पैकी समन्वयक पाच.)

"तुम्ही याला काय म्हणता?" अध्यक्षांनी अलीकडून विचारलं.

"अहो साहेब, पाय टाकू नका!" काकू पलीकडून ओरडल्या.

सचिवांनी ते लिहून घेतलं. अध्यक्षांनी पाय टाकला.

"अगं बाई, साहेब पडले! सांगत होते ना, पण ऐकतील तर शपथ!"

तेही लिहून घेतलं.

आता वेबसाइट पुष्कळ सुधारली आहे. 'साहेब पडले' असं टाइप केलं की पूल फोटोसकट हजर होतो. पहिल्याच आठवड्यात हा शोध नऊ हजार वेळा झाला (वस्तीची लोकसंख्या चारशे, उरलेले पाहुणेरावळे). एवढी मागणी जन्मदाखल्यालाही नाही. समितीने निष्कर्ष काढला: 'सद्यस्थितीतील रचनेस नागरिकांची प्रचंड पसंती असल्याने तीत बदल करू नये.' काकूंनी पुलाच्या दुरुस्तीसाठी केलेला अर्ज निकाली निघाला.

"पसंती?" काकू म्हणाल्या. "मग सुनेला काय फोटोवरून चालवत नेऊ?"

ही सूचना विचाराधीन आहे.

काल पहाटे कळा सुरू झाल्या. चौघांनी खाट डोक्यावर घेतली आणि छातीभर पाण्यात उतरले. मागे काकू, हातात चपला.

सून दवाखान्यात पोचली की नाही, हे वेबसाइटवर पुलाच्याच पानावर दिलं आहे. पाहून घ्या. आपली भेट पसंतीत धरली जाईल.