राणेकाकांचा शनिवार

राणेकाका बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघत नाहीत. ते तोंडाकडे बघतात. दातांचे डॉक्टर बघतात तसं, मान पुढे काढून, भुवया वर करून. नवा माणूस बिचकतो. ओठाला काही लागलं असेल म्हणून तोंड पुसतो. काका बघतच राहतात, आणि समोरचा जरा पुटपुटला की म्हणतात, "तोंड उघडून बोल रे! तोंडात जांभूळ धरलंस काय?"

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या विणकामाच्या शेडमध्ये आमचं कापडाचं संग्रहालय आहे. मी तिथे साफसफाईला आहे. जुनी लुगडी, गोधड्या, पागोटी, छापाचे लाकडी ठोकळे, सगळं काचेत ठेवलंय. त्या काचा मी पुसते. आठवडाभर फारसं कुणी फिरकत नाही. शनिवारी मात्र कार्यक्रम असतो, त्या दिवशी तिकीट नसतं आणि शेड भरून जाते. कधी मुलांना ठोकळ्याने रुमाल छापायला देतात, कधी रंगाची पातेली चढतात, कधी कुणी मोठी बाई पडद्यावर चित्रं दाखवून बोलते. आणि शेवटी दहा मिनिटं "चालता साचा" असतो. मिलमधले लोक मागाला साचा म्हणतात. आमच्याकडे एकच आहे, लोखंडी, विजेवरचा, आणि तो राणेकाका चालवतात.

काका मूळचे मालवणकडचे. आयुष्य गिरणीच्या साचाखात्यात गेलं. आता कांजूरमार्गला एकटे राहतात आणि शनिवारी सकाळी दहाला बसने येतात. कार्यक्रम चारला असतो. दहा ते चार ते साच्याला तेल घालतात, धोट्यात सुताची कांडी भरतात, परत काढतात, परत भरतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे दात बघतात.

माझी वरची दाढ किडलीय हे मला त्यांनी सांगितलं. संग्रहालय चालवणाऱ्या मॅडमच्या पुढच्या दातांत फट आहे, ती शुभ असते, हेही त्यांनीच सांगितलं. एकदा एक मोठे पाहुणे उद्घाटनाला आले होते. हार झाले, दिवा लागला, पाहुण्यांनी काकांची विचारपूस केली. काकांनी मन लावून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, कवळी सैल झाली हा तुमची. हलता."

मॅडम नंतर रागावल्या. "काका, पाहुण्यांना असं बोलतात का?"

"खोटा काय बोललंय? भाषणात पडली असती म्हणजे?"

पाहुण्यांनी भाषण खरंच लवकर आटोपलं.

काकांचे नियम बरेच होते. पडद्यावर चित्रं दाखवायला दिवे मालवले की ते उठून बाहेर जायचे. म्हणायचे, अंधारात डोळे दुखतात. साच्याचा कार्यक्रम झाला की लोकांना प्रश्न विचारायचे असत, तर काकांनी तोंडी प्रश्नांना बंदी घातली होती. "ह्यो काय मासळीबाजार नाय. चिठ्ठीवर लिवा." मग चष्मा लावून एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायचे आणि अक्षराला नावं ठेवून उत्तर द्यायचे. लोकांना ते फार आवडायचं. मॅडमना वाटायचं, जुन्या माणसाची शिस्त.

आमचा वॉचमन जाधव मात्र काकांवर जळायचा. जाधवच्या मिशा इतक्या दाट आहेत की चहा पिताना कप दिसतो, ओठ दिसत नाहीत. तो रोज म्हणायचा, "नमस्कार काका." काका त्याच्याकडे बघायचे आणि काही न बोलता आत जायचे. दोन वर्षं हे चाललं.

"माजलाय म्हातारा," जाधव मला म्हणायचा. "बाकी सगळ्यांशी बोलतो. माझ्यातच काय खोट आहे गं?"

मी काय सांगणार? तोवर मलाही माहीत नव्हतं.

मला कळलं ते एका बादलीमुळे. शनिवारची गर्दी होती. काका साच्याजवळ पाठ करून उभे होते आणि त्यांच्या मागेच माझ्या हातून पत्र्याची बादली लादीवर पडली. एवढा आवाज झाला की दोन पोरं रडायला लागली आणि मॅडम केबिनमधून धावत आल्या. काका ढिम्म हलले नाहीत. तेलाच्या डबीचं झाकण लावत होते, ते लावत राहिले. मग पायाखाली पाणी आलं तेव्हा वळले, माझ्याकडे पाहिलं, सगळ्या लोकांकडे पाहिलं. आणि मला ते पहिल्यांदाच घाबरलेले दिसले.

मी कुणाला काही बोलले नाही. मी तशी कुणाशीच फार बोलत नाही, चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. पुढच्या शनिवारी काकांनी मला साच्यामागे बोलावलं आणि म्हणाले, "शंभर साचे एका खात्यात. कानाचा काय उरतला? सगळ्यांचे गेले. पण हयसर कोणाक सांगू नको गो बाय. म्हातारो बहिरो म्हटल्यार हात लावूक देवचे नाय साच्याक."

"पण मग साचा बिघडला तर कळतं कसं?"

त्यांनी माझा पंजा धरून साच्याच्या चौकटीवर ठेवला आणि बटण दाबलं. माझ्या हातातून दंडापर्यंत मुंग्या आल्या. मग दुसऱ्या हाताने मला मनाला येईल तेव्हा एक सूत तोडायला लावलं. तोडल्यावर माझ्या पंजाला काही फरक कळला नाही. त्यांनी मात्र दुसरीकडे बघत, नुसता तळहात टेकलेला ठेवून, लगेच साचा थांबवला.

त्या दिवसापासून काका मला हाताने बोलायला शिकवायला लागले. गिरणीत आवाजाने कुणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून साचेवाले खुणांनी बोलत. दोन बोटं जुळवून झटकन वेगळी केली की सूत तुटलं. खांद्यावर दोन बोटं ठेवली की साहेब येतोय. हनुवटीखाली मूठ म्हणजे चहा. ओठावर मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम. आम्ही ती खूण जाधवसाठी घेतली. मला हे बोलणं फार सोपं गेलं. मॅडम मागून बोलावत असल्या की मी समोरून खूण करायची, कुणी काही विचारलं की त्याच्या खांद्याआडून सांगायची. काकांचं सोंग आणखी पक्कं झालं.

मग वरच्या ऑफिसातून कागद आला. लोकांसमोर जो कुणी यंत्र चालवील त्याचा डोळ्यांचा आणि कानांचा दाखला पाहिजे. पंधरा दिवसांत. मॅडमनी तो कागद काकांच्या हातातच दिला, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती. काकांनी घडी घालून खिशात ठेवला.

साच्यामागे मला म्हणाले, "शनिवार गेलो तर बाकीच्या वारांचा मी काय करू?"

पण काका हार मानणारे नव्हते. त्यांनी बेत आखला. दाखल्यासाठी जायचं तेव्हा मी सोबत जायचं, त्यांच्या समोर उभं राहायचं. मशीनचा आवाज आला की मी पदराला हात लावायचा, की ते बोट वर करणार. दोन शनिवार आम्ही कोठीच्या खोलीत सराव केला. माझ्या मोबाइलची घंटी वाजायची, मी पदराला हात लावायची, काका बोट वर करायचे. एकदाही चुकले नाहीत. "झकास," काका म्हणाले. "पास झालंय समज."

दवाखान्यात गेलो तर काचेची एक लहानशी खोली. काकांना आत बसवलं आणि कानांवर मोठे काळे डबे चढवले. आवाज यायचा तो त्या डब्यांतच, त्यांच्या एकट्याच्या कानात. तपासणारी मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा. काही हरकत नाही, काचेतून दिसतील."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. काका काचेतून माझ्याकडे टक लावून बसले. मी घाबरून नाक खाजवलं. काकांनी बोट वर केलं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुन्हा बोट वर. मी पदर सावरला, तेव्हा तर त्यांनी खात्रीने दोन बोटं वर केली.

मुलगी म्हणाली, "काका, अजून मी मशीन चालू केलेलं नाही."

ती काही वाईट नव्हती, हसलीसुद्धा नाही. आत गेली, त्यांची खुर्ची धरली आणि भिंतीकडे तोंड करून फिरवली. आता मला त्यांची पाठ दिसत होती आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात. ती बटणं दाबत राहिली. हात मांडीवर तसाच होता. मी मनात म्हणत होते, उचला हो, अंदाजाने तरी उचला. बऱ्याच वेळाने बोट एकदा वर आलं. मग अगदी शेवटी आणखी एकदा. तेवढंच.

बाहेरच्या बाकावर आम्ही रिपोर्टची वाट बघत बसलो. काका नेहमी मोठ्याने बोलतात, सगळा बोळ ऐकेल असं. त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलले.

"तुझ्या काकीक ठावक होता," ते म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. पण कधी काय बोलली नाय. सैपाकघरातून हाक मारीत नसे. हातातला टाकून बाहेर येय, माझ्या फुडे उभी रवे, मगे बोले. चाळीस वर्षां फुडे येवन बोलली."

मी मान हलवली.

"शेवटाक ती दवाखान्यात होती. तोंडावर ऑक्सिजनचो मास्क." त्यांनी पंजाची वाटी करून तोंडावर धरली. "एका सकाळी माका जवळ बोलावल्यान आणि काय ता सांगितल्यान. माका तोंड दिसना नाय. मी व्हय म्हटलंय. तिना परत सांगितल्यान. मी परत व्हय म्हटलंय. तीनदा. मगे तिना डोळे मिटल्यान. बरा वाटला तिका, माझ्या व्हय म्हणण्यान."

"नर्स होती ना तिथे? तिला विचारायचं."

"होती. फुडेच होती. पण तिका इचारूचा म्हणजे माका ऐकू येना नाय ता सांगूचा लागला असता." काकांनी स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. "लाज वाटली गो. दुपारी ती गेली. मी कशाक व्हय म्हटलंय ता माका अजून ठावक नाय. काय करूक सांगितल्यान, कोणाक काय देवक सांगितल्यान. मी कबूल केलंय, आणि करूक काय नाय."

मुलीने बाहेर येऊन रिपोर्ट दिला. काकांनी तो वाचला नाही.

मला वाटलं होतं, काका आता संग्रहालयात येणारच नाहीत. कागद पोस्टाने पाठवतील, नाहीतर टाकून देतील. पण सोमवारी, कार्यक्रम नसताना, ते आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला म्हणाले, "चल माझ्यावांगडा." मी फडकं हातात घेऊनच त्यांच्याबरोबर मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

काकांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. मॅडमनी उघडला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. त्यांचा चेहरा पडला. कागदावरची नजर न काढता त्या बोलायला लागल्या. हळू आवाजात, थांबत थांबत. त्यांना काकांकडे बघवत नसावं. मला सगळं ऐकू आलं. काका खाली वाकून वाकून बघत होते, पण मॅडमची मान खाली होती आणि केस पुढे आले होते.

मॅडम थांबल्या. आता उत्तर द्यायचं होतं.

मी मॅडमच्या मागे सरकले आणि खुणेने सांगायला हात उचलला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

मग ते मोठ्याने म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता काय बोललात ता माका कळूक नाय. माका ऐकू येना नाय. वर बघा आणि परत सांगा."

मॅडमनी वर पाहिलं. डोळे पुसले. केस मागे केले आणि एकेक शब्द सुटा करून परत सांगितलं. "साचा यापुढे तुम्हाला चालवता येणार नाही. बटण मेकॅनिक दाबेल. पण तुम्ही शनिवारी या. साच्यावर हात ठेवून सूत कसं कळतं, आणि खुणांनी कसं बोलायचं, हे लोकांना शिकवा. याल?"

काका शेवटच्या शब्दापर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या थांबल्यावरही थोडं बघत राहिले. एक शब्दसुद्धा सुटला नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"समजला," ते म्हणाले. "आता लगेच व्हय म्हणूचंय नाय. इचार करून सांगतंय."